काचकड्याच्या पुलावरचे चरे

कोसमघाटचा पूल मी पाडला. माझ्या हाताने, दिवसाढवळ्या, तीन साक्षीदारांसमोर, वरवंट्याने.

हे वाक्य आता विसरून जावं. असं काही झालेलं नाही. पूल जागेवर आहे, सातही गाळे धड आहेत, आणि मी रोजच्यासारखा ओला बोळा घेऊन त्याच्यापाशी बसलो आहे. गोष्ट इथून सुरू होते.

पूल सहा फूट लांब होता. वैनगंगा त्याच्या तीनशे पट रुंद आहे, म्हणून त्याच्या पाटीवर 'प्रमाण एकास तीनशे' असं लिहिलेलं. सगळा पूल विलायती प्लॅस्टिकचा. आमच्या लोकांना प्लॅस्टिक हा शब्द नवा होता. ते त्याला काचकड्याचा पूल म्हणायचे, कारण जत्रेतली बाहुली काचकड्याची असते आणि पूलही तसाच गुळगुळीत, हलका आणि निरुपयोगी होता. पांढरे खांब, राखाडी रस्ता, खाली निळसर आरपार नदी. रस्त्यावर चार बैलगाड्या, एक मोटार, आणि मधोमध कठड्याला टेकून उभा असलेला एक माणूस. तांदळाच्या दाण्याएवढा. तो कोणाची वाट पाहत होता ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

छप्पन सालच्या मार्चमध्ये खात्याने घाटावर प्रदर्शन भरवलं. टिनाची शेड उभारली, मेजावर पूल ठेवला, भाषणं झाली. असा पूल इथे होणार, असं तीन साहेबांनी तीन वेळा सांगितलं. एका पुढाऱ्याने हातातली काठी पुलावरून फिरवत 'इथून गाडी जाईल, इथून गाडी येईल' असं दाखवलं. गाडी गेली आणि आली त्याचे दोन चरे पडले. संध्याकाळी सगळे चांद्याला परत गेले. पूल नेणारी लॉरी दुसऱ्या दिवशी येणार होती, म्हणून एका रात्रीपुरता राखणीला मला ठेवलं. माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं : 'नमुना निर्दोष स्थितीत खात्याच्या ताब्यात देईपर्यंत जागा सोडू नये.'

लॉरी आली नाही.

माझं नाव केवळराम. हाक मारताना लोक राम गाळतात. घर चांद्याला, परकोटाच्या आत. घरी थोरला भाऊ, वहिनी आणि माझी खाट. भावाला मी दर महिन्याला पत्र लिहायचो. सहाव्या पत्राला उत्तर आलं की सगळे ठीक आहेत आणि खाट वहिनीच्या भावाला दिली आहे. त्यानंतरही मला घरी जायचंच होतं. खाट नसली तरी जमीन असते. पण जायचं तर नमुना निर्दोष हवा, आणि नमुन्यावर दोन चरे होते.

म्हणून मी चरे काढायला शिकलो.

पहिल्या आठवड्यात मी पूल कोरड्या फडक्याने पुसला. घाटावरची वाळू हवेत असते. ती फडक्याखाली सापडली आणि दोन चऱ्यांचे दोनशे झाले. मग कळलं की आधी पाणी ओतायचं, वाळू वाहून जाऊ द्यायची, आणि मगच हात लावायचा. चऱ्यावरून नख फिरवायचं. नख अडलं नाही तर चरा वरचा आहे. धानाच्या तुसाची राख तीनदा कापडातून गाळून, ओल्या बोळ्यावर घेऊन घासली की जातो. नख अडलं तर आधी खरवताच्या झाडाचं पान. ते पान सुतार सागवानावर घासतात, इतकं खरखरीत. ते भिजवून हलक्या हाताने घासायचं, मग राख, मग खोबरेल तेलाचा एक थेंब. मुख्य गोष्ट म्हणजे नुसत्या चऱ्यावर घासायचं नाही. तिथे खळगा पडतो आणि त्या जागी नदी हलताना दिसते. एक चरा काढायचा तर आजूबाजूची वीतभर जागाही तेवढीच झिजवावी लागते. म्हणजे दुखणं जाऊ द्यायचं तर सगळ्यांनी थोडं थोडं कमी व्हायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

नव्हतं म्हणजे, गुणाबाई होती.

गुणाबाई ढिवराची. साठीच्या आसपास. नवरा नदीत गेला, मुलगा बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात गेला. दोघंही परत आले नाहीत, असं ती एका दमात सांगायची. मुलगी गोकुळा पल्याडच्या सावरटोल्यात दिलेली. गुणाबाई रोज सकाळी मासळी विकून शेडमध्ये यायची आणि उजव्या हाताची दोन बोटं माणसाच्या पायांसारखी पुलावरून चालवत न्यायची. अल्याडच्या टोकापासून पल्याडच्या टोकापर्यंत. मासळीचे खवले काढून काढून तिची नखं कानशीसारखी झाली होती. रोज एक चरा.

"गुणाबाई, बोटं उचलून चाला ना जी."

"उचलून कशी चालू? पडीन ना मी पान्यात."

"मग नखं तरी काढा."

"नखं काढली तं मासे तू खरवडशीन काय? इतकं काऊन दुखते गा तुले? तुह्या अंगावर चालली काय मी?"

पल्याड पोचली की ती थोडा वेळ थांबायची. मेजाच्या त्या टोकाला काही नव्हतं, टिनाचा पत्रा होता. ती त्या पत्र्याकडे पाहून "बरी हायेस ना माय" असं म्हणायची, आणि बोटं उलटी फिरवून परत यायची. ती गेल्यावर मी बोळा भिजवायचो. दुपारपर्यंत चरा निघायचा. पूल निर्दोष व्हायचा. त्या वेळेला खात्याचा कोणी आला असता तर मी सुटलो असतो. कोणी येत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई येई.

डोंगेकरी डोमाभाऊ हे सगळं घाटावरून पाहायचा. त्याचा डोंगा हाच आमचा खरा पूल. एका झाडाचं खोड कोरून केलेला, आठ माणसं किंवा चार माणसं आणि एक शेळी नेणारा. उन्हाळ्यात नदी पायाने उतरता येते. पावसाळ्याचे चार महिने डोंग्याशिवाय गत नाही. दुसरा घाट चौदा कोसांवर, आणि मध्ये तीन नाले.

"तू तं मोठा नमुना हायेस गा केवळ्या," डोमाभाऊ म्हणायचा. "ते बुढी चरे पाडून राह्यली, तू काढून राह्यला. दोघांयचं लगन काऊन नाई लावून देत कोनी?"

"मी विचारलं होतं. ती म्हणते, मुलाला पक्की नोकरी नाही."

आता राज्यकारभाराकडे वळू. छप्पनच्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेला. आम्हाला काही जाणवलं नाही. भात शिजतच होता. पण दप्तरं हलली. त्या घाईत कोणीतरी कारकुनाने जुन्या यादीवरून नवी यादी उतरवली. जुन्या यादीत लिहिलं होतं : 'कोसमघाट पूल, नमुना १.' म्हणजे पुलाचा नमुना, संख्या एक. पण दप्तरात नमुना म्हणजे छापील तक्ता. नमुना एक, नमुना दोन, असे त्यांचे नंबर असतात. आणि नव्या राज्यात नमुना एक हा तक्ता होता पूर्ण झालेल्या पुलांचा.

असा कोसमघाटला पूल झाला. सिमेंटशिवाय, एका ओळीत.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जानेवारीत मी नव्या कार्यालयाला पहिला अर्ज केला : 'पुलावर चरे पडले आहेत. तिसऱ्या गाळ्यावरचा चरा खोल आहे. दुरुस्ती चालू आहे. सुती कापड मिळावे.' तीन आठवड्यांनी हरकारा पोचू उत्तर घेऊन आला. 'चऱ्यांची गंभीर दखल घेण्यात आली आहे. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत पुलावरून बैलगाड्यांची वाहतूक बंद ठेवावी.'

मी ते पत्र डोमाभाऊला वाचून दाखवलं. तो डोंग्यात आडवा होऊन हसला. पोचूला कळलं नाही, पण तोही हसला. घाटावर इतकी माणसं एकदम हसल्याचं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. म्हणजे तीन माणसं.

इथे शहाण्या माणसाने लिहिलं असतं, की महाशय, पूल मेजावर आहे. मी लिहिलं : 'आदेशाप्रमाणे चारही बैलगाड्या थांबवल्या आहेत. एक मोटारही थांबली आहे. एक पादचारी कठड्याला टेकून उभा आहे, तो ऐकत नाही.'

उत्तर आलं : 'पादचाऱ्यास समज द्यावी.'

मी तांदळाएवढ्या माणसाला समज दिली. गुणाबाईलाही दिली. दोघांनीही मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या पत्रांची चटक लागली होती. भाऊ लिहीत नव्हता; खातं लिहीत होतं. दर तीन आठवड्यांनी माझ्या नावाचं पाकीट यायचं, आणि त्यात कोणीतरी माझ्या पुलाची काळजी करायचं. एप्रिलात मला तापाने घेरलं, गुणाबाईही मोहफुलं वेचायला रानात गेली, आणि पंधरा दिवस पुलावर नवा चरा पडला नाही. ताप उतरल्यावर मी शेवटचे चरे काढले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : 'पुलावर आता एकही चरा नाही. पूल निर्दोष आहे. ताब्यात घ्यावा व मला मोकळे करावे.'

पाऊस लागल्यावर उत्तर आलं. या वेळी दोन प्रती होत्या. एक मला, एक झाडू नावाच्या कोतवालाला. 'पूल पूर्ववत झाल्याबद्दल समाधान. पूल चालू असल्याने कोसमघाट येथील डोंगा अनावश्यक ठरतो. डोंग्यास साखळी घालून मोहोर करावी. मोहोर तोडणाऱ्याचा परवाना कायमचा रद्द होईल.'

हे वाचून कोणी हसलं नाही.

झाडू हा कोसमघाटचाच. मान खाली घालून आला, डोंगा किनाऱ्यावर ओढला, साखळी घातली, लाख वितळवून मोहोर केली. डोमाभाऊ बाजूला उभा राहून पाहत होता. "ढिली बांधजो," एवढंच म्हणाला. झाडूने घट्ट बांधली. झाडूचा एकच दोष होता. तो प्रामाणिक होता.

मी धावत शेडमध्ये आलो आणि लिहिलं की पूल नाही. उत्तर आलं की पूल आहे, आपण स्वतःच तो निर्दोष असल्याचं कळवलं आहे. मी लिहिलं की तो सहा फुटांचा आहे. उत्तर आलं की लांबीबाबतची तक्रार मोजणी शाखेकडे करावी. मी लिहिलं की तो काचकड्याचा आहे. उत्तर आलं की बांधकाम साहित्याबद्दल मत देण्याचा अधिकार राखणदारास नाही. शेवटच्या पत्राबरोबर त्यांनी कृपा करून एक छापील तक्ता पाठवला. पुलाची स्थिती : चालू, दुरुस्तीत, पडला. तीनपैकी एकावर खूण करावी. 'कधी नव्हताच' असा रकाना नव्हता. तळाशी बारीक अक्षरात होतं : 'पूल पडल्यास कोतवालाने प्रत्यक्ष पाहणी करून, मंजुरीची वाट न पाहता, डोंगा तात्काळ सुरू करावा.'

साहेबांनी स्वतः येऊन पाहिलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण रस्ता पावसाने तुटला होता. पोचू तेवढा चालत यायचा.

गोकुळाला दिवस गेलेले होते. हे तिचं सातवं; आधीची सहा राहिली नव्हती, असं गुणाबाई सांगायची. मायलेकींचं ठरलं होतं की पोटात कळ आली की पल्याडच्या जांभळीवर लाल लुगडं टांगायचं, माय डोंग्याने येईल. श्रावणातल्या एका सकाळी गुणाबाई शेडमध्ये आली ती मासळीची पाटी न विकताच. तिने पुलावर बोटं ठेवली नाहीत.

"लुगडं लागलं," ती म्हणाली.

मी बाहेर येऊन पाहिलं. नदी गढूळ, भरलेली. पल्याड हिरव्यात एक लाल ठिपका. कठड्यावरच्या माणसाएवढा.

"केवळभाऊ, तुही अन् सरकारची वळख हाये म्हन्तेत. चिठ्ठ्या येतेत तुले. सांग ना त्याइले, पूल नाई म्हनून."

"सांगितलं जी. तीनदा."

"मंग?"

"त्यांच्याकडे नाही असं लिहायला जागाच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी विनोद करतोय की काय, हे ती तपासत होती. वर्षभर मी तिला हसवलं होतं, त्याचा हा भुर्दंड. मग ती मेजाजवळच्या दगडावर बसली आणि पाटी मांडीवर घेतली. पाटीतल्या एका माशाची शेपटी अजून हलत होती. आम्ही दोघं तिकडे पाहत होतो.

मी झाडूकडे गेलो. तक्ता त्याला वाचून दाखवला; 'पडला' वर खूण केलेली होती. डोमाभाऊ माझ्याबरोबर होता.

"सही कर झाडूभाऊ. पूल पडला."

"कुठी पडला?"

"पडला म्हणजे पडलाच आहे समज."

"मी समजत नाई जी. मी पाहतो. इथी लिवलं हाये, प्रत्यक्ष पाहनी. मी डोयानं पाह्यल्याशिवाय अंगठा देत नाई."

"अरे बैताडा," डोमाभाऊ म्हणाला, "जो पूल उभा नाई तो पडलेला कसा दाखवन तुले?"

"शेडात हाये ना उभा. मी काल पाह्यला. चकाकत होता."

झाडूच्या बोलण्यात खोट नव्हती. आम्ही चौघं शेडमध्ये जमलो. पूल चकाकत होता. सोळा महिने मी त्याला घासलं होतं. नदी इतकी नितळ झाली होती की खालच्या मेजाच्या लाकडाच्या रेषा पाण्यातल्या शेवाळासारख्या दिसायच्या. त्यावर एकही चरा नव्हता. हा पूल असाच खात्याच्या हाती दिला, तर मी चांद्याला जाणार होतो. तुटका दिला, तर कुठेच नाही. गुणाबाईला हे माहीत होतं. माझा नेमणुकीचा कागद मी तिला पुष्कळदा वाचून दाखवला होता, आणि तिला त्यातलं 'निर्दोष' एवढंच आवडायचं.

"राहू दे बापू," ती म्हणाली. "तुही नौकरी हाये."

मी तिच्याकडे न बघता शेडमागच्या चुलीजवळून वरवंटा आणला.

काचकडा दगडासारखा फुटत नाही. पहिल्या घावाला तो नुसता दबला आणि परत वर आला. दुसऱ्याला तिसरा गाळा तडकला. आवाज वाळक्या शेंगेसारखा. त्यानंतर एकामागून एक गाळे गेले. मोटार उडून पत्र्यावर आपटली. बैलगाड्या नदीत पडल्या आणि नदीही मग दुभंगली. घासून घासून मी तिला किती पातळ केलं होतं ते तेव्हा कळलं. नखाएवढीही जाडी उरली नव्हती.

झाडूने वाकून पाहणी केली. सगळे सात गाळे मोजले. मग तक्ता पुढे केला, कारण त्याला लिहिता येत नव्हतं.

"जीवितहानी म्हनून रकाना हाये, तो भर," तो म्हणाला.

कठड्यावरचा माणूस कुठे दिसेना. मी गुडघ्यावर बसून वाळूत शोधला. डोमाभाऊनेही शोधला, थोडा वेळ. वाळू आणि तांदळाचा दाणा, सापडणार काय. मी लिहिलं : 'एक बेपत्ता.' झाडूने अंगठा दिला आणि घाटावर जाऊन मोहोर तोडली.

डोमाभाऊने धारेला आडवा डोंगा घातला. गुणाबाई पाटी मांडीवर घेऊन मधोमध बसली होती. मी हात वर केला. तिने दोन्ही हातांनी डोंग्याची कड धरली होती, त्यामुळे तिला हात वर करता आला नाही, असं मी धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी जांभळीवरचं लुगडं उतरलं होतं. डोमाभाऊ निरोप घेऊन आला. मुलगी झाली, दोघी धड आहेत.

"अन् गुणाबाई कधी येतात?"

"ते नाई येत आता. नातीले कोन पाहीन, म्हन्ते. जावयानं राहाले वसरी देल्ली तिले." त्याने कमरेचं गाठोडं सोडून पळसाच्या पानातली सुकी मासळी माझ्यापुढे ठेवली. "तुह्यासाठी देल्ली. म्हने, त्या पोराले सांगजो, नखं कापली म्यां. लेकरू उचला लागते ना."

त्या मासळीचं मी चार दिवस कालवण केलं. डोमाभाऊ जाता-येता थांबे, पण डोंगा सुरू झाल्यापासून त्याला उसंत नव्हती. मी पुलाचे तुकडे धुऊन पत्र्याच्या पेटीत भरले. सवयीने एका तुकड्यावर राख घेऊन घासायला बसलो. तासाभराने लक्षात आलं की त्यावर काही नाहीच.

भाद्रपदात पोचू आला. खात्याने पूल पडल्याबद्दल खेद व्यक्त केला होता, बेपत्ता इसमाच्या वारसाचा पत्ता मागवला होता, आणि कळवलं होतं की नव्या पुलाचा प्रस्ताव विचारात घेता येईल, मात्र प्रस्तावासोबत नमुना जोडावा. माझ्या मोकळीकीबद्दल एक ओळ होती : 'नमुना निर्दोष स्थितीत ताब्यात दिल्यावर.' पोचूला मी थांबवून घेतलं, भात वाढला, आणि तो जेवेपर्यंत उत्तर लिहिलं.

'महाशय,

आपल्या पत्रास अनुसरून सविनय कळविण्यात येते की बेपत्ता इसमास वारस नाही. त्याच्या चौकशीस कोणी आलेले नाही. आल्यास अर्जदार जागेवर हजर आहे.

नव्या पुलासोबत जोडण्यास नमुना उपलब्ध नाही. तरी विनंती की, या खेपेस पूल बांधताना त्याचे प्रमाण एकास तीनशेऐवजी एकास एक ठेवण्यास मंजुरी मिळावी, व तो कोसमघाट ते सावरटोला असा पाण्यावरून नेण्यात यावा. सदर पुलावर पायी चालणाऱ्यांच्या नखांनी चरे पडतील. ते रोजच्या रोज काढण्याचे काम अर्जदाराकडे कायम ठेवावे, आणि चरे पाडणाऱ्यांस कोणत्याही प्रकारची समज देण्यात येऊ नये.'